कमरेच्या पाऊचने स्पॉरनचे काम होईल का?

अॅबर्डीनहून आलेले एका वाचकाचे पत्र थोडक्यात असे:

"मी मूळचा साताऱ्याचा, गेली चार वर्षे नोकरीनिमित्त इथे राहतो. ऑगस्टमध्ये माझ्या स्कॉटिश सहकाऱ्याचे लग्न आहे आणि त्याने आम्हा सहा मित्रांना किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा निऱ्यांचा, घागऱ्यासारखा पोशाख, घालण्याचा आग्रह केला आहे. किल्ट, कोट, मोजे, बूट सगळे भाड्याने मिळणार आहे. त्याबरोबर पुढे लटकवायची जी केसाळ पिशवी मिळते, स्पॉरन, तिच्यात माझा फोन जात नाही. मला मधुमेह आहे. इन्सुलिनचे पेन आणि साखरेच्या गोळ्या सतत जवळ लागतात. माझ्याकडे फिरायला जाताना वापरतो तो काळा, चांगल्या प्रतीचा, कमरेला बांधायचा पाऊच आहे. तोच पुढे बांधला तर काय बिघडले? सौ. म्हणते, एसटीच्या कंडक्टरसारखा दिसशील. लग्नानंतरच्या आठवड्यात याच मित्रांपैकी चौघांबरोबर वेस्ट हायलंड वे ही लांब पायवाट चालायचा बेत आहे, तोही किल्टमध्येच. तेव्हा काय बांधावे? शिवाय आमच्या घरात माळ आहे. कातडे आणि केस अंगावर वागवणे मनाला पटत नाही."

सप्रेम नमस्कार.

तुम्ही प्रश्न एकच विचारला आहे, पण प्रसंग दोन आहेत आणि त्यांची उत्तरे एकमेकांच्या अगदी उलट आहेत. लग्नात स्पॉरन घाला आणि पाऊच घरी ठेवा, डोंगरात पाऊच बांधा आणि स्पॉरन घरी ठेवा. तुमच्या सौभाग्यवतींच्या उपमेत मी एवढीच दुरुस्ती सुचवेन की कंडक्टरची कातडी बॅग खांद्यावरून येते, कमरेला बांधलेली नसते. बाकी त्यांचे निदान बरोबर आहे.

स्पॉरन ही निव्वळ शोभेची वस्तू आहे असा तुमच्या पत्राचा सूर आहे, म्हणून आधी तिथून सुरुवात करतो. स्पॉरन या गेलिक शब्दाचा अर्थ पैशांची पिशवी, म्हणजे आपला बटवा, एवढाच आहे. खिसे कपड्यांना शिवले जाऊ लागण्यापूर्वी युरोपभर माणसे पैसे, चावी, किरकोळ वस्तू कमरेच्या पट्ट्याला बांधलेल्या पिशवीत ठेवत. आपल्याकडे कनवटीला पैसे खोचत, कमरेला पैशांचा कसा बांधत, तशीच ही सोय होती. पुढे इतरत्र विजारींना खिसे आले आणि कमरेच्या पिशव्या गेल्या. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील हायलंड या डोंगराळ मुलखात मात्र पुरुषाचे वस्त्र म्हणजे अंगाभोवती गुंडाळून पट्ट्याने आवळलेले लांबच लांब लोकरी कापड होते आणि गुंडाळलेल्या कापडाला खिसा शिवता येत नाही, म्हणून तिथे पिशवी टिकली. जुने स्पॉरन हरणाच्या किंवा वासराच्या कातड्याचे असत आणि बटव्यासारखेच दोरीने आवळून बंद होत. त्या दोऱ्यांची टोके पुढे लोंबत राहत. आज स्पॉरनवर जे गोंडे दिसतात, ते या दोऱ्यांचेच वंशज आहेत. आजीच्या पानसुपारीच्या बटव्याचे गोंडे आठवा, म्हणजे या वस्तूबद्दल परकेपणा वाटणार नाही.

शोभा नंतर आली, आणि बरीच आली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत दोरीच्या जागी पितळेची किंवा चांदीची नक्षीदार पट्टी, जिला कँटल म्हणतात, ती बसू लागली. १७४६ च्या कायद्याने हायलंडचा पोशाख घालण्यास बंदी झाली ती १७८२ पर्यंत टिकली, परंतु ही बंदी सैन्याला लागू नव्हती, त्यामुळे स्पॉरनचे पुढचे रूप पलटणींमध्ये घडले. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबर्गला आला तेव्हा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी आखलेल्या त्या सोहळ्यात टार्टन या चौकटींच्या लोकरी कापडाला दरबारी प्रतिष्ठा मिळाली, आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळापर्यंत स्पॉरन घोड्याच्या पांढऱ्या केसांचा, गुडघ्यापर्यंत लोंबणारा झाला होता. आर्गाइल अँड सदरलंड हायलंडर्स या पलटणीच्या शिपायांच्या स्पॉरनवर सहा गोंडे असत आणि चालताना ते एका तालात हलत, म्हणून त्यांना 'झुलणारे सहा' अशा अर्थाचे नावच पडले होते. अशा स्पॉरनमध्ये एक नाणे ठेवणेही कठीण. गंमत अशी की खुद्द सैन्यालाही हे कळत होते. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात हायलंड पलटणींनी किल्टवर खाकी कापडाचे आवरण बांधायला सुरुवात केली, स्पॉरन बाजूला ठेवला आणि त्या आवरणालाच पुढे एक खिसा शिवला. तेव्हा प्रसंग पाहून स्पॉरन उतरवणे हे तुमच्या डोक्यातून निघालेले पाखंड नाही, त्याला पलटणीचा दाखला आहे. मात्र तो दाखला रणांगणावरचा आहे, संचलनाच्या मैदानावरचा नाही, आणि लग्न हे संचलनात मोडते.

आता तुमचा मूळ प्रश्न, की पुढे पाऊच बांधला तर काय बिघडते. पारंपरिक किल्टला सुमारे ८ वार लोकरी कापड लागते, म्हणजे नऊवारीपेक्षा वारभरच कमी. यातले बहुतेक कापड पाठीमागे निऱ्यांत जाते आणि पुढचा भाग सपाट राहतो. नऊवारीच्या निऱ्या पुढे येतात, इथे त्या मागे असतात. या निऱ्या कमरेपासून नितंबांपर्यंत शिवून घट्ट बसवलेल्या असतात आणि तिथून खाली मोकळ्या सुटतात. किल्ट बांधायचा तोही पँटसारखा कमरेच्या हाडावर नव्हे, तर वर, बेंबीच्या पातळीला. तुमचा पाऊच मात्र पँटच्या हिशेबाने बनवलेला आहे. त्याचा पट्टा हाडावर टेकायला पाहतो. तो खाली घसरला की निऱ्या जिथे मोकळ्या सुटायला हव्यात नेमका तिथेच त्यांना आवळतो आणि त्याखालचा किल्ट अर्धवट उघडलेल्या छत्रीसारखा फुगतो. पट्टा वर ओढून बांधला तर पाऊच पोटावर येतो, आणि तिथे तुमचा वेस्टकोट असेल. स्पॉरनचा पट्टा मागे किल्टच्या दोन लूपांतून जातो, निऱ्यांच्या शिवलेल्या भागावर सपाट बसतो आणि पुढे साखळीने खाली उतरतो. कमरेला आवळण्याचे काम त्याच्याकडे नसतेच. स्पॉरन लटकतो आणि पाऊच आवळतो, या एका फरकातून बाकीच्या सगळ्या अडचणी निघतात.

लग्नाच्या भाड्याच्या पोशाखात बहुधा प्रिन्स चार्ली नावाचा आखूड कोट आणि खाली वेस्टकोट देतात. या वेस्टकोटखाली रुंद पट्टा घालायचा नाही असा रिवाज आहे. त्यामुळे कोटाच्या काळ्या कापडाखाली एकदम किल्टचा सपाट, रंगीत पुढा सुरू होतो आणि त्या मोकळ्या पटावर नजर ठरायला एकच जागा असते, ती म्हणजे स्पॉरन. तो काढला तर पोशाख अपुरा दिसतो. त्याच्या जागी काळे नायलॉन आणि प्लॅस्टिकचे बकल आले, तर मित्राच्या लग्नाच्या प्रत्येक छायाचित्रात पाहणाऱ्याचे लक्ष आधी तिकडेच जाईल. सहा जण एकसारखे उभे असताना एकाच्या पोटावर चेनचा कप्पा दिसणे हे आपल्याकडे मुंजीच्या मांडवात सोवळ्यावर पाठीला सॅक अडकवून उभे राहण्यासारखे आहे. कुणी बोलणार नाही, पण सगळ्यांना दिसेल.

स्पॉरनचे आणखी एक काम आहे, जे उभे असताना लक्षात येत नाही. खाली बसताना मागच्या निऱ्या हाताने सारख्या करून अंगाखाली घ्यायच्या असतात, आणि बसल्यावर स्पॉरन आपल्या वजनाने दोन मांड्यांच्या मधोमध उतरून किल्टचा पुढचा भाग दाबून धरतो. वाऱ्यातही तेच. किल्टच्या कोपऱ्यात लावलेली पिन दोन्ही पदर एकत्र टाचण्यासाठी असते असा अनेकांचा समज आहे, पण ती फक्त वरच्या पदराला लावायची असते, नाहीतर चालताना कापड ओढले जाऊन फाटते. म्हणजे समोरची लाज राखण्याची मुख्य जबाबदारी स्पॉरनवर येते.

हे मी अनुभवाने सांगतो. एडिनबर्गमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात कार्यालयाचे बर्न्स सपर होते. जानेवारीच्या अखेरीस कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या जन्मदिनानिमित्त ही जेवणे होतात. एका मित्राकडून उसना किल्ट घेतला, त्याच्या स्पॉरनची साखळी तुटलेली होती, म्हणून मी प्रवासातला पाऊच पुढे बांधून गेलो. खुर्चीत बसताच पाऊच पोटावर चढला आणि टेबलाच्या कडेला टेकला. मी दोन इंच मागे सरकून जेवू लागलो. मांडीवर मात्र काहीच वजन नव्हते. समोर बसलेल्या एका वयस्क बाईंनी न बोलता आपला घडी केलेला नॅपकिन टेबलाखालून माझ्याकडे सरकवला आणि नजरेनेच मांडीकडे खूण केली. मी तो पसरून घेतला. पुढे टाळ्या वाजवायला सगळे उभे राहिले तेव्हा मीही उठलो, पाऊचच्या बकलात टेबलावरच्या कापडाची कड अडकली होती, आणि शेजाऱ्याचे अर्धे सूप माझ्या मोज्यांवर आले. त्या रात्रीनंतर मी किल्टपुढे पाऊच कधी बांधलेला नाही.

जाता जाता एक सूचना. या वस्तूला अमेरिकेत फॅनी पॅक म्हणतात. ते नाव ब्रिटनमध्ये, विशेषतः नवरीच्या आईसमोर, तोंडून काढू नका. तिथे त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ अगदीच वेगळा आणि चारचौघांत न सांगण्यासारखा आहे. तिकडे बम बॅग म्हणतात, तेही फारसे सभ्य नाही, पण चालते.

आता तुमची खरी अडचण, फोन आणि औषधे. स्पॉरन निवडताना लोक त्याचा पुढचा भाग पाहतात, तुम्ही त्याचे तोंड पाहा. समारंभाचे केसाळ स्पॉरन बाहेरून भारदस्त दिसतात, पण पुष्कळदा त्यांचे तोंड मागच्या बाजूला, वरच्या पट्टीखाली असते आणि आतला कप्पा दिसण्याच्या मानाने बराच लहान असतो. दिवसा घालायचा साधा स्पॉरन पुढची झडप उचलून उघडतो आणि त्यात जागा अधिक असते. या दोहोंच्या मधला एक प्रकार असतो, पुढे केस आणि वर झडप असा. दुपारच्या लग्नाला आणि रात्रीच्या जेवणाला तो दोन्हीकडे शोभतो. दुकानात जाताना तुमचे पेन, गोळ्यांची डबी, घराची चावी आणि बँकेचे कार्ड बरोबर न्या, स्पॉरनमध्ये भरा, झडप लावा आणि मग आरशासमोर उभे राहा. पोट फुगलेला स्पॉरन वाईट दिसतो. पेन आडवे जात नसेल तर तिरके जाते का पाहा, आणि तेही नाही झाले तर दुसरा स्पॉरन मागा. सहाही जणांचे स्पॉरन तंतोतंत सारखे असलेच पाहिजेत असे नाही. किल्टचे कापड एक असले की पुरते.

फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. पण औषधे तिथे ठेवू नका, आणि याचे कारण नीट लक्षात घ्या. जेवणानंतर 'केली' (ceilidh) सुरू होते, म्हणजे बँडच्या तालावर सगळ्यांनी मिळून करायची नाचगाणी, आणि दुसऱ्या-तिसऱ्या नाचात सगळ्यांचे कोट खुर्च्यांच्या पाठीवर जातात. त्या दालनात पन्नास काळे कोट असतील आणि ते सगळे तुमच्या कोटासारखेच दिसतील. स्पॉरन मात्र कुणी काढत नाही. तो अंगावरच राहतो. स्ट्रिप द विलोसारखा नाच पाच-दहा मिनिटे पळण्याइतका दमवतो, आणि इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर अशा वेळी उतरू शकते हे तुम्हाला तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेले असेलच. म्हणून साखरेच्या गोळ्या स्पॉरनमध्ये, सर्वांत वर, एका हाताने निघतील अशा ठेवा. पत्नीच्या पर्समध्ये ठेवण्याचा मोह होईल, पण त्या स्वतः दालनाच्या दुसऱ्या टोकाला नाचत असतील. आणि पेन मोटारीत ठेवणार असाल तर तो विचार सोडून द्या. ऑगस्टमधल्या उन्हात बंद गाडी स्कॉटलंडमध्येही तापते.

नाचताना स्पॉरन फिरवून बाजूला, कमरेच्या कडेला घ्यायचा. जोडीने नाचताना तो पुढे असला तर समोरच्या व्यक्तीला बोचतो, आणि साखळी लेसच्या कापडात अडकली तर दोघांचीही पंचाईत होते. गाडी चालवतानाही तो असाच कडेला घेतात. नाच संपला की परत मधोमध. साखळीची लांबी घरी असतानाच ठरवा. वेस्टकोटच्या खालच्या टोकापासून स्पॉरनचा वरचा काठ साधारण चार बोटे खाली हवा. सहा बोटे झाला की प्रत्येक पावलागणिक तो जांघेत आपटतो, आणि दोन बोटांवर आणलात तर तो पोटाला चिकटून पाऊचसारखाच दिसू लागतो. साखळी मागच्या पट्ट्याला ज्या कड्यांनी जोडलेली असते ती नखाने उघडून-मिटून पाहा. एका दुकानातून आणलेल्या स्पॉरनचे असे एक कडे सैल होते आणि चर्चच्या दगडी फरशीवर तो चाव्यांसकट पडला, तोही नेमका शपथा चालू असताना.

माळेचा मुद्दा तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकला आहे, पण मला तो फोनपेक्षा महत्त्वाचा वाटतो. भाड्याच्या स्पॉरनवरचे करडे केस पाहून तो सील या समुद्री प्राण्याच्या कातड्याचा असावा असे वाटते. प्रत्यक्षात आज ते बहुधा सशाचे किंवा गुरांच्या कातड्याचे असतात. दुकानदार 'बोव्हाइन' असा शब्द वापरेल आणि तो ऐकून तुमच्या ध्यानात येणार नाही, म्हणून स्पष्ट सांगतो, त्याचा अर्थ गाई-बैलांचे कातडे. जुन्या वस्तूंच्या दुकानात खऱ्या सीलचे किंवा पाणमांजराचे स्पॉरन दिसतील आणि स्वस्तही मिळतील. ते घेऊ नका. सीलच्या वस्तूंच्या व्यापारावर युरोपीय संघाने २००९ मध्ये बंधने घातली, अमेरिकेत तर १९७२ च्या कायद्यापासून त्या आत नेता येत नाहीत, आणि पाणमांजरासारख्या संरक्षित प्राण्याच्या बाबतीत कागदपत्रांवाचून गुंता होतो. तुमच्यासाठी सरळ मार्ग असा, की कापडी स्पॉरन मागा. टार्टन कापडाचे, ट्वीड या जाड लोकरी कापडाचे आणि कृत्रिम केसांचे स्पॉरन मिळतात. ट्वीडच्या स्पॉरनला मागून कातडे लावलेले असू शकते, तेवढे उलटून पाहा. मात्र किल्टला स्वतःलाच बांधायला कातडी पट्टे असतात, आणि बूट तर कातड्याचेच. तेव्हा रेघ कुठे मारायची हे तुम्हीच ठरवा. घरच्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवलेत तर छायाचित्रे पाहताना प्रश्न येणार नाहीत.

घरात कुणाचा शिवणाचा हात चांगला असेल, तर एक हौशी सूचना करतो. किल्टच्या रंगाला जुळणाऱ्या जाड लोकरी कापडाचा, दोरीने आवळायचा, गोंडे लावलेला बटवा शिवून घ्या आणि तो भाड्याच्या साखळीला अडकवा. रुंदी वीतभर, खोली त्याहून दोन बोटे जास्त, तळाला अस्तर दुहेरी. जुना स्पॉरन याच घाटाचा होता, त्यामुळे जाणकार माणूस नाक मुरडणार नाही. मित्राला मात्र आधी दाखवा. तो 'तुला हवे ते घाल' म्हणाला तर त्याच्या आईलाही दाखवा.

आता वेस्ट हायलंड वे. ही वाट १९८० साली अधिकृतपणे सुरू झाली. ग्लासगोजवळच्या ज्या गावातून ती निघते त्याचे स्पेलिंग वाचून कुणालाही उच्चार जमत नाही. स्थानिक लोक त्याला मलगाय म्हणतात, आणि आपल्याला निदान शेवटचा अर्धा भाग तरी लगेच लक्षात राहतो. तिथून फोर्ट विल्यमपर्यंत ९६ मैल, म्हणजे सुमारे १५४ किलोमीटर अंतर आहे आणि लोक ते साधारण आठवडाभरात चालतात. पहिली गोष्ट, भाड्याचा किल्ट तिकडे नेऊ नका. ओल्या लोकरीच्या ८ वार कापडाचे ओझे काय असते हे वाटेतल्या रॅनक मूर या उघड्या माळरानावर पहिल्या सरीनंतर कळते, आणि दुकानदाराला ते परत करताना दुसऱ्यांदा कळते. हलक्या मिश्र कापडाचा, कमी वारांचा साधा किल्ट विकत घ्या. सिएटलच्या यूटिलिकिल्ट्स या कंपनीने २००० पासून लोकप्रिय केले तसे बाजूला मोठे खिसे असलेले किल्टही मिळतात. तसा घेतलात तर पाऊच आणि स्पॉरन हा वादच मिटतो, पण तुमचे स्कॉटिश मित्र त्यावरून तुम्हाला आठवडाभर छळतील याची तयारी ठेवा.

डोंगरात स्पॉरन नको, कारण चढावर प्रत्येक वेळी गुडघा वर आला की तो गुडघ्यावर आपटतो, आणि पाठीवरच्या सॅकचा कमरपट्टा पुढे जिथे बंद होतो नेमका तिथेच त्याची साखळी येते. पावसात कातडे भिजते, केस चिकटतात आणि दोन दिवसांत त्याला वास येऊ लागतो. पाऊच इथे आपल्या मूळ कामावर येतो. पण तोही पोटावर बांधू नका. सॅकच्या कमरपट्ट्यालाच दोन्ही बाजूंना कप्पे असतील तर पाऊच वेगळा लागतच नाही. नसतील तर पाऊचचा पट्टा निऱ्यांच्या शिवलेल्या भागावर, सॅकच्या पट्ट्याच्या वर बांधा आणि पाऊच उजव्या कडेला फिरवून ठेवा. डावखुरे असाल तर डावीकडे. पट्ट्याचे खरखरीत नायलॉन दिवसभर लोकरीवर घासले की तिथे गोळे येतात. किल्ट आणि पट्ट्याच्या मधे सदऱ्याची कड येऊ दिलीत तर ते टळते.

स्पॉरन नसल्याने पुढचा पदर वाऱ्यावर मोकळा राहणार, म्हणून आत आखूड विजार घाला. किल्टखाली काय घालावे याविषयी लोक तुम्हाला नाना विनोद ऐकवतील. डोंगरात सगळे शहाणे लोक आत काहीतरी घालतात, विनोद ऐकवणारेही. ऑगस्टमध्ये मिज नावाच्या बारीक, चावणाऱ्या माश्यांचे थवे असतात आणि उघड्या पोटऱ्या त्यांना आमंत्रणच देतात. गवतातून गोचिडीही चढतात. म्हणून पाऊचमध्ये डोक्यावरून घ्यायची जाळी, अंगाला लावायचे औषध आणि गोचीड काढायचा छोटा चिमटा ठेवा, आणि रोज संध्याकाळी गुडघ्यांच्या मागची बाजू तपासा, कारण गोचिडीमुळे लाइम रोग होऊ शकतो. गोळ्या पाऊचमध्येच असू द्या, पेन मात्र पाणी न शिरणाऱ्या पिशवीत गुंडाळून सॅकच्या आत कपड्यांच्या घडीत ठेवा. पाऊच दिवसभर उन्हात असतो, घडीत ऊन पोहोचत नाही. एक जादा पेन दुसऱ्या कुणाच्या सॅकमध्ये द्या, आणि ते कुठल्या कप्प्यात आहे हे चौघांनाही सांगून ठेवा.

शेवटी एक छोटे काम. लग्नानंतर सोमवारी पोशाख परत करण्यापूर्वी स्पॉरन पूर्ण उलटा करून झटका आणि मागच्या कप्प्यात बोट घालून पाहा. मी एकदा भाड्याने आणलेल्या स्पॉरनच्या तळाशी घडी घातलेला कागद निघाला. कुणा नवरदेवाच्या पाठराख्याने जेवणाच्या वेळी करायच्या भाषणाचा तो मसुदा होता, आणि तिसऱ्या परिच्छेदावर पेन्सिलने मोठी काट मारून शेजारी लिहिले होते: 'हे नको, तिची आई पुढच्याच टेबलावर आहे.'